जोहान्सबर्ग ते सदरलँड : तारांगणे, कडे आणि दक्षिणेचे आकाश

शनिवार, जोहान्सबर्ग

दक्षिण आफ्रिकेला जाणारे आपल्याकडचे प्रवासी बहुधा क्रूगरचे सिंह आणि केप टाउनचा समुद्र पाहून परततात. आम्हा उभयतांच्या यादीत सिंह नव्हते. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमधल्या १९५४ च्या तारांगणात आणि पुढे वरळीच्या नेहरू तारांगणात घुमटावर पाहिलेले दक्षिणेचे आकाश खरोखर डोक्यावर आले की कसे दिसते, ते पाहायचे होते. त्या वाटेवरचे कडे, दऱ्या आणि शिखरेही सोडायची नव्हती. म्हणून चैत्र अमावस्येचा आठवडा धरून बेत आखला. तारांगणे आणि डोंगर आधी, आणि कारूच्या पठारावरची सदरलँडची वेधशाळा सर्वांत शेवटी, असा क्रम मुद्दाम ठेवला; कारण अनोळखी आकाशाखाली नुसते उभे राहिले तर ठिपक्यांपलीकडे फारसे काही हाती लागत नाही.

जोहान्सबर्गचे तारांगण विटवॉटर्सरँड विद्यापीठाच्या आवारात आहे. ते १९६० च्या ऑक्टोबरमध्ये सुरू झाले आणि आफ्रिका खंडातले ते पहिले पूर्ण आकाराचे तारांगण. त्याचे मूळ झाइस प्रक्षेपण यंत्र नवे नव्हते. जर्मनीतील हँबुर्गच्या तारांगणात १९३० पासून वापरात असलेले यंत्र दुरुस्त करून, सुधारून येथे आणले होते. दोन्ही टोकांना गोळे असलेल्या त्या काळ्या यंत्राची जागा आता डिजिटल प्रक्षेपकांनी घेतली आहे. घुमटावरची प्रतिमा झळझळीत आहे, उपग्रहांच्या आणि दीर्घिकांच्या सफरी डोळे दिपवणाऱ्या आहेत. तरीही माझे मत असे की, तारांगणाची खरी कसोटी तो झगमगाट नसून निवेदक आजचे आकाश किती वेळ दाखवतो ही आहे, आणि त्या कसोटीला येथील कार्यक्रम उतरला.

निवेदिकेने आरंभीच दक्षिण ध्रुवाची अडचण सांगितली. उत्तरेला ध्रुवतारा आहे, दक्षिणेला त्या जागी डोळ्यांत भरेल असा एकही तारा नाही. मग त्रिशंकू या क्रुसाच्या आकाराच्या तारकासमूहाचा लांब दांडा तेवढ्याच मापाने सुमारे साडेचार पट पुढे वाढवायचा आणि जेथे तो संपेल तेथून सरळ खाली क्षितिजावर यायचे, की दक्षिण दिशा मिळते. घुमटावर तिने ती रेघ आखून दाखवली आणि मग रेघ पुसून, प्रेक्षकांतल्या मुलांना बोटाने तीच जागा दाखवायला लावली. आपल्याकडे वैशाखातल्या रात्री दक्षिण क्षितिजालगत थोडा वेळ दिसणारा त्रिशंकू येथे दिशादर्शकाचे काम करतो.

त्यानंतर कृत्तिका आल्या. खोसा भाषेत त्यांना ‘इसिलिमेला’ म्हणतात, म्हणजे नांगरणी-खुरपणीचे तारे. जूनमध्ये पहाटेच्या आकाशात त्या पुन्हा दिसू लागल्या की शेतीच्या कामाचे वर्ष सुरू होते, आणि खोसा समाजात तरुण आपले वय दीक्षेपासून किती इसिलिमेला पाहिल्या यावर मोजत, असे तिने सांगितले. नक्षत्रावर पेरणीचा हिशेब ठेवणाऱ्या घरातून आलेल्या माणसाला यात परके असे काहीच वाटले नाही.

हे शहर सोन्याच्या खाणींसाठी प्रसिद्ध असले तरी खगोलशास्त्रातही त्याचे नाव आहे. येथल्या युनियन वेधशाळेतून रॉबर्ट इन्स यांनी १९१५ मध्ये प्रॉक्झिमा हा तारा शोधला. सूर्याखालोखाल आपल्याला सर्वांत जवळचा तारा तोच. आज मात्र शहराच्या दिव्यांमुळे येथून मोठे वेध घेण्याची सोय उरलेली नाही.

रविवार, ग्रॅस्कॉपकडे

दिवस गाडीत गेला. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे भाड्याची मोटार चालवणे जड गेले नाही. कोळशाच्या खाणी आणि वीजकेंद्रांचा सपाट प्रदेश संपला की पाइन व निलगिरीची लागवड सुरू होते, आणि ग्रॅस्कॉप येईपर्यंत हवेत चांगलाच गारवा येतो. संध्याकाळी जेवणात मक्याच्या पिठाचे घट्ट ‘पाप’ आणि टोमॅटो, कांदा, मिरची, घेवड्याच्या दाण्यांचे ‘चकालाका’ मिळाले. शाकाहारी माणसाने या देशात हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत.

सोमवार, ब्लाइड नदीची दरी

येथे पठाराची कड एकदम तुटते. ड्रॅकेन्सबर्ग रांगेच्या या उत्तर टोकाला उंच पठार संपते आणि सुमारे हजार मीटर खाली लोव्हेल्डचा उष्ण, सपाट प्रदेश पसरलेला दिसतो. त्या कड्यावरचे सर्वांत गाजलेले ठिकाण म्हणजे गॉड्स विंडो. हवा स्वच्छ असेल तर क्रूगरच्या जंगलापलीकडे मोझांबिकच्या सीमेवरचे लेबोंबो डोंगर दिसतात, असे फलक सांगतो. आम्ही सकाळी साडेसातला पोचलो तेव्हा कठड्यापलीकडे पांढऱ्या धुक्याखेरीज काही नव्हते. खालची गरम, दमट हवा कड्याला आपटून वर चढते आणि थंड होऊन येथेच ढग धरते. म्हणूनच कड्याच्या माथ्यावर, आजूबाजूच्या गवताळ रानात न शोभणारा, शेवाळ्याने मढलेला दाट जंगलाचा एक पट्टा तग धरून आहे. दृश्य दिसेना म्हणून आम्ही त्या पट्ट्यातली पायवाट धरली, आणि मला तरी खिडकीपेक्षा हे जंगल अधिक आवडले. नऊच्या सुमारास धुके पाच-दहा मिनिटे फाटले, खाली उन्हात हिरवे-पिवळे मैदान चमकले, आणि पुन्हा पडदा पडला. येथे येणाऱ्याने सकाळची घाई न करता दुपारच्या आधी एक चक्कर राखून ठेवावी.

बोर्क्स लक पॉटहोल्स हे ठिकाण ट्रेऊर आणि ब्लाइड या नद्यांच्या संगमावर आहे. ज्यांनी शिरूरजवळ निघोजला कुकडी नदीतले रांजणखळगे पाहिले आहेत, त्यांना येथे थांबून समजावून घ्यावे लागत नाही: भोवऱ्यात सापडलेले गोटे वर्षानुवर्षे गरगरत राहतात आणि तळाचा खडक पोखरत नेतात. फरक खडकाचा आणि रंगाचा आहे. निघोजचा बेसाल्ट काळा. येथला गाळाचा खडक पिवळा, तांबूस, मध्येच लोखंडाच्या गंजाने रंगलेला. आणि खळगे सपाट पात्रात नसून खोल घळीत आहेत, म्हणून ते वरून, पुलांवरून पाहावे लागतात. एका खळग्याच्या तळाशी नारळाएवढा गुळगुळीत गोटा पाण्याच्या जोराने जागच्या जागी हलत होता, खडखड आवाज पुलावर ऐकू येत होता. खळगा तयार होण्याची क्रिया डोळ्यांसमोर चालू होती. बोर्क नावाच्या एका सोने शोधणाऱ्यावरून हे नाव पडले.

थ्री रोंडाव्हेल्सचा कठडा मात्र दिवसाचे सार्थक करणारा होता. शंकूसारखे छप्पर असलेल्या गोल झोपडीला येथे रोंडाव्हेल म्हणतात, आणि दरीच्या पलीकडच्या काठावर तशाच आकाराचे तीन प्रचंड डोंगर शेजारी शेजारी उभे आहेत. वरचा क्वार्टझाइटचा थर कठीण, खालचे थर मऊ. मऊ थर उतरत्या बाजूने झिजत गेले आणि कठीण टोपी टिकून राहिली, त्यामुळे हा आकार आला. खाली धरणाचे निळे पाणी वळसे घेत गेले आहे. दरीची लांबी २५ किलोमीटरच्या पुढे आहे, आणि बहुतेक दऱ्या उघड्या-बोडक्या असताना ही दाट हिरवी आहे, हे तिचे वेगळेपण. सहली येथे पंधरा मिनिटे थांबतात. आम्ही ऊन कलेपर्यंत बसलो, कारण दुपारी सपाट दिसणारे ते डोंगर सावल्या लांबू लागल्यावरच एकमेकांपासून सुटे होतात.

मंगळवार, केप टाउन

एम्बोम्बेलाच्या विमानतळावरून केप टाउनचे थेट विमान मिळते. दुपारी उतरलो तेव्हा दक्षिण-पूर्वेचा वारा जोरात होता आणि टेबल माउंटनवर त्याचा प्रसिद्ध ‘टेबलक्लॉथ’ अंथरलेला होता. फॉल्स बेवरून आलेली दमट हवा डोंगराच्या मागच्या बाजूने वर चढते, माथ्यावर तिचा ढग होतो, आणि शहराच्या बाजूला तो ढग धबधब्यासारखा कड्यावरून खाली ओतू लागतो. पण खाली उतरताना हवा पुन्हा तापते, म्हणून ढग अर्ध्या वाटेतच विरून जातो. कितीही ओतला तरी तो शहरापर्यंत पोचत नाही. वाऱ्यामुळे रज्जुमार्ग बंद होता. खालच्या रस्त्यावरून तासभर हे पाहत उभे राहणे हाच त्या दिवसाचा कार्यक्रम झाला, आणि त्याबद्दल तक्रार नाही.

बुधवार, तोफ आणि घुमट

बाराच्या आत सिग्नल हिलवर पोचलो. येथे रविवार आणि सुट्ट्या वगळता रोज दुपारी बारा वाजता तोफ उडते, आणि ही प्रथा १८०६ पासून चालत आली आहे. बंदरातल्या गलबतांना आपली घड्याळे लावता यावीत, हा मूळ हेतू. समुद्रात रेखांश काढायचा तर घड्याळ बिनचूक हवे, आणि बिनचूक वेळ तेव्हा ताऱ्यांवरूनच मिळत असे. म्हणून १८६४ पासून तोफेचा इशारा शहराच्या पूर्वेकडच्या वेधशाळेतून विजेच्या तारेने येऊ लागला. आजही तो तेथल्याच घड्याळावरून येतो. दोन तोफा भरून ठेवतात, एक दगा देईल तर दुसरी असावी म्हणून. एका नौसैनिकाने जमलेल्या मंडळींना कान झाकायला सांगितले, आकडे मोजले, आणि आवाजाने छातीत धक्का बसला. दूरच्या जहाजावरचा खलाशी मात्र आवाजावर घड्याळ लावत नसे, तो धुराकडे पाही. ध्वनीला एक किलोमीटर अंतर तोडायला जवळजवळ तीन सेकंद लागतात, आणि तेवढी चूक त्याला परवडणारी नसे. तेवढ्यात सौ.ने माझ्या पायाशी बोट दाखवले: “अहो, सावली बघा कुठे पडलीय.” सूर्य उत्तरेला होता, सावली दक्षिणेला. पुस्तकात वाचलेली गोष्ट अंगणात पडावी तशी ती समोर पडली होती.

टेकडीच्या पायथ्याशी रंगीत घरांचा बो-काप हा मोहल्ला आहे. डच काळात पूर्वेकडून, त्यात हिंदुस्थानातूनही, गुलाम करून आणलेल्या लोकांच्या वंशजांची ही वस्ती. तेथे समोसे खाऊन कंपनीज गार्डनकडे उतरलो. १६५२ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने जहाजांना भाजीपाला पुरवण्यासाठी लावलेली ही बाग आता सार्वजनिक उद्यान आहे आणि तिच्या वरच्या टोकाला इझिको संग्रहालय व त्याचे तारांगण आहे. हे तारांगण १९८७ चे. २०१७ मध्ये त्याचे रूपांतर डिजिटल घुमटात झाले. शाळेच्या सहलींबरोबर विद्यापीठांतले संशोधकही दुर्बिणींनी गोळा केलेली माहिती या घुमटावर मांडून पाहतात. आम्ही दोन खेळ पाहिले. पहिला ध्वनिमुद्रित चित्रपट होता, तो जगात कोठेही पाहता आला असता. दुसऱ्यात निवेदक प्रत्यक्ष बोलत होता, आणि तो चुकवला असता तर येथे येण्याचे फळ मिळाले नसते.

त्याने दिवे मालवून प्रथम शहराच्या उजेडासह दिसणारे आकाश दाखवले: पन्नासएक तारे. मग तो उजेड हळूहळू काढून टाकला. आकाशगंगा वर आली, अगस्त्याच्या खालच्या अंगाला मॅगेलनचे दोन मेघ, म्हणजे आपल्या शेजारच्या दोन लहान दीर्घिका, उमटले, आणि मोठ्या मेघाला लागून त्याने एक अगदी फिकट चौकट आखली. ही मेन्सा, म्हणजे मेज. टेबल माउंटनवरून नाव ठेवलेला तारकासमूह. अठ्ठ्याऐंशी तारकासमूहांत पृथ्वीवरच्या एका विशिष्ट ठिकाणाचे नाव असलेला हा एकटाच.

नाव ठेवणारे फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ निकोला लुई द लाकाय १७५१ मध्ये येथे आले, स्ट्रँड स्ट्रीटवरच्या एका घराच्या आवारात त्यांनी वेधशाळा थाटली, आणि जेमतेम अर्ध्या इंचाच्या भिंगाच्या दुर्बिणीतून सुमारे दहा हजार ताऱ्यांच्या जागा नोंदल्या. दक्षिणेकडच्या रिकाम्या जागांत त्यांनी चौदा नवे तारकासमूह बसवले. त्यांत देव नाहीत, राक्षस नाहीत. दुर्बीण, सूक्ष्मदर्शक, घड्याळ, वातपंप, भट्टी, कंपास अशी त्या काळच्या प्रयोगशाळेतली आणि कारागिराच्या हाताखालची अवजारे आहेत. अपवाद एकच, आपल्या खिडकीतून रोज दिसणारा डोंगर. मोठा मॅगेलनी मेघ मेन्साच्या हद्दीवर पसरलेला असल्यामुळे आकाशातल्या मेजावरही पांढरे कापड अंथरले जाते. आदल्या दिवशी खालून तासभर पाहिलेला ढग डोळ्यांसमोर ताजा असल्यामुळे घुमटावरची ती चौकट आम्हाला फार जवळची वाटली.

खेळ संपल्यावर निवेदकाला विचारले की शहरातून मेन्सा कोठून दिसेल. तो हसला. तिचा सर्वांत तेजस्वी तारादेखील पाचव्या प्रतीचा, म्हणजे अगदी मंद आहे. ज्या शहराने आकाशाला हा डोंगर दिला, त्या शहरातून ती दिसणे शक्य नाही. “सदरलँडला जा,” तो म्हणाला. तिकिटे आमच्या खिशात होतीच.

तारांगणात दाखवलेली आणखी एक कथा येथेच नोंदवतो. कारूतल्या ‘एक्झम सान’ लोकांच्या कथा विल्हेल्म ब्लीक आणि लुसी लॉइड यांनी १८७० च्या दशकात केप टाउनमध्ये लिहून घेतल्या. त्यांतल्या एका कथेत एक मुलगी चुलीतली राख मूठभर घेऊन वर उधळते, आणि रात्री घरी परतणाऱ्या शिकाऱ्यांना वाट दिसावी म्हणून ती राख आकाशगंगा होते. ती भाषा आज बोलली जात नाही, कथा त्या वह्यांमुळे राहिली.

गुरुवार, टेबल माउंटन आणि चॅपमन्स पीक

वारा पडला, ढग गेला, आणि सकाळी पहिल्या पाळण्यात जागा मिळाली. हा रज्जुमार्ग १९२९ मध्ये सुरू झाला. १९९७ पासूनच्या पाळण्यांची जमीन वर जाताना गोल फिरते, त्यामुळे खिडकीसाठी कोणाला ढकलावे लागत नाही. वरचे स्थानक समुद्रसपाटीपासून १,०६७ मीटरवर आहे. बहुतेक लोक तेथल्या कठड्यांवर छायाचित्रे काढून, सशाएवढ्या डॅसींना पाहून खाली उतरतात. हत्तीचा जिवंत नातेवाईक म्हणून हा प्राणी दाखवला की कोणी विश्वास ठेवत नाही, पण प्राणिशास्त्र तसे सांगते.

आम्ही पूर्वेकडे मॅक्लिअर्स बीकनपर्यंत चालत गेलो. वाट सपाट, पण वालुकाश्मावर उड्या मारत जाणारी. दोन्ही बाजूंना ‘फाइनबोस’ची कमरेएवढी झुडपे, त्यांत चवरीसारखी गवते आणि प्रोटियाची फुले. तासाभरात दगडांचा एक रचलेला मनोरा येतो. हा डोंगराचा सर्वोच्च माथा, सुमारे १,०८५ मीटर. तेथे कठडा नाही, उपाहारगृह नाही, आणि अर्थातच गर्दीही नाही.

हा मनोरा आणि पुण्या-मुंबईच्या माणसाला शाळेत शिकवलेला भारताचा नकाशा यांचे नाते आहे. लाकाय यांनी तारे मोजण्याखेरीज येथे आणखी एक काम केले: केपच्या उत्तरेकडे रेखावृत्ताचा एक तुकडा मोजून पृथ्वीचा आकार काढला. उत्तर असे आले की दक्षिण गोलार्धाचा आकार उत्तरेसारखा नाही, पृथ्वी जणू पेरूसारखी आहे. पाऊण शतक हे कोडे सुटले नाही. पुढे भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणातले जॉर्ज एव्हरेस्ट आजारपणानंतर हवापालटासाठी १८२० च्या सुमारास केपला आले, लाकाय यांच्या मोजणीच्या जागा त्यांनी स्वतः फिरून पाहिल्या, आणि दोष कशाचा ते सांगितले: मोजणीची टोके डोंगरांच्या कुशीत होती, आणि डोंगराच्या गुरुत्वाकर्षणामुळे ओळंबा सरळ न लोंबता किंचित डोंगराकडे ओढला गेला होता. ओळंबा चुकला की ताऱ्याची उंची चुकते, आणि ती चुकली की अक्षांश. केपचे राजज्योतिषी टॉमस मॅक्लिअर यांनी १८४० च्या दशकात ती मोजणी नव्याने आणि पुष्कळ लांबवर केली, तेव्हा एव्हरेस्ट यांचे म्हणणे खरे ठरले. त्या कामाची खूण म्हणून माथ्यावर हा मनोरा आहे. मनोऱ्याच्या सावलीत बसून डबा खाताना वाटले, ज्या डोंगराने लाकाय यांचा ओळंबा ओढला, त्यालाच त्यांनी आकाशात बसवले, आणि ही गोष्ट त्यांना कधी कळली नाही.

खाली उतरून दुपारी चॅपमन्स पीकचा रस्ता घेतला. हाउट बेपासून नूर्डहूकपर्यंत ९ किलोमीटर, ११४ वळणे, एका बाजूला कडा आणि दुसऱ्या बाजूला अटलांटिक. १९२२ मध्ये खुल्या झालेल्या या रस्त्याची जागा खडकानेच ठरवली होती: खाली मजबूत ग्रॅनाइट, वर थर असलेला वालुकाश्म, आणि जेथे एक संपून दुसरा सुरू होतो नेमक्या त्या सांध्यावर रस्ता कोरला आहे. एका थांब्यावर उतरून हात लावून पाहिले. खालचा खडक भरड, स्फटिकांनी खडबडीत. वीतभर वर गेले की तांबड्या मातकट थरांच्या पट्ट्या. त्या वीतभर जागेत कोट्यवधी वर्षांचा अवकाश गेला आहे. सूर्यास्त पाहायला गाड्यांची रांग लागली होती. आम्ही त्याआधीच परतलो, कारण दुसऱ्या दिवशी लांबचा पल्ला होता.

शुक्रवार, सदरलँड

केप टाउनपासून सदरलँड सुमारे ३७० किलोमीटर. बोगदा ओलांडून, वूस्टर मागे टाकून हेक्स नदीच्या खोऱ्यात शिरलो, तर दोन्ही बाजूंना द्राक्षांचे मळे शरद ऋतूने तांबडे-पिवळे झालेले. नाशिककरांना छाटणी, मांडव, पॅकहाउस हे सगळे ओळखीचे वाटेल. घाट चढला की मळे संपतात आणि कारू सुरू होते: करड्या झुडपांचे कोरडे माळ, मेंढ्या, एखादी पवनचक्की, आणि आरपार दिसणारी हवा. मायकीसफाँटेन या रेल्वेच्या टुमदार खेड्यापाशी महामार्ग सोडून उत्तरेला वळायचे; तेथून पुढच्या शंभरावर किलोमीटरमध्ये पेट्रोल नाही, म्हणून टाकी आधीच भरून घ्यावी.

वेधशाळा गावापासून पंधराएक किलोमीटरवर, १,८०० मीटर उंचीच्या पठारावर आहे. केप टाउनची १८२० मध्ये स्थापन झालेली शाही वेधशाळा आणि जोहान्सबर्गची वेधशाळा १९७२ मध्ये एकत्र करून दक्षिण आफ्रिकेची राष्ट्रीय वेधशाळा झाली, आणि शहरांच्या उजेडापासून पळ काढत दुर्बिणी येथे आल्या. प्रिटोरियाची १.९ मीटर व्यासाची जुनी दुर्बीणदेखील उचलून येथेच आणली. २००७ मध्ये तर नॉर्दर्न केप प्रांताचे आकाश जपण्यासाठी संसदेने कायदाच केला.

रात्रीच्या कार्यक्रमात मोठ्या दुर्बिणींपाशी नेत नाहीत. अभ्यागतांसाठी वेगळ्या लहान दुर्बिणी आहेत. थंडी पाच अंशांच्या आसपास होती आणि सदरलँड हे या देशातल्या सर्वांत थंड गावांपैकी एक आहे, म्हणून लोकरीचे कपडे, कानटोपी न्यावी. दिव्यांवर तांबडा कागद लावायला सांगतात. डोळे अंधाराला सरावायला वीस मिनिटे गेली, आणि मग घुमटांवर घेतलेले धडे एकामागून एक कामी येऊ लागले. पश्चिमेला मृग कललेला, पण उलटा: आपल्याकडे खाली असणारा राजन्य हा त्यातला तारा वर, आणि काक्षी हा तारा खाली. व्याधाइतकाच उंच अगस्त्य. पुण्याहून तो दक्षिण क्षितिजापासून वीस अंशांपर्यंतही चढत नाही. येथे त्याला पाहायला मान वर करावी लागली. आग्नेयेला त्रिशंकू आडवा, त्याच्या खाली मित्र आणि मित्रक. मित्र हा साडेचार प्रकाशवर्षांच्या आतला तारा. त्याचे अंतर टॉमस हेंडरसन यांनी केपच्याच वेधशाळेतून १८३२-३३ मध्ये घेतलेल्या वेधांवरून काढले होते. दुर्बिणीतून मित्राचे दोन तारे वेगळे दिसले. ओमेगा सेंटॉरी हा तारकागुच्छ लाखो ताऱ्यांचा. पुण्याहून द्विनेत्रीत कापसाच्या बोळ्यासारखा दिसणारा हा गुच्छ येथे कडेपर्यंत सुटा झाला, रवा सांडावा तसा. आठच्या सुमारास पूर्वेला वृश्चिक डोके वर काढू लागला.

आकाशगंगेला तर येथे उजेडापेक्षा अंधाराने आकार दिला आहे. त्रिशंकूच्या बगलेतला ‘कोळशाचे पोते’ नावाचा काळा ठिगळ धुळीच्या मेघाचा आहे. तो इतका काळा दिसला की आकाशच तेथे फाटले आहे की काय असे वाटावे.

मॅगेलनचे मेघ घुमटावर पाहून जे समजले नव्हते ते येथे समजले: ते खरोखरच ढगांसारखे दिसतात, आणि पहिली काही मिनिटे आम्ही ते सरकण्याची वाट पाहत होतो. मोठा मेघ नैऋत्येला चाळीस अंशांवर, धाकटा त्याच्या खाली. मार्गदर्शकाच्या हिरव्या किरणाने मोठ्या मेघाच्या कडेला चार-पाच बारीक तारे दाखवले. नजर सरळ रोखली की ते हरवत, किंचित बाजूला पाहिले की परत येत. मेन्सा असे म्हणायला तेथे फारसे काही नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे, शेजारच्या एका पाहुण्याने “एवढेच?” असे विचारलेही. पण डोंगर पाहिला होता, त्याचे कापड पाहिले होते, ओळंब्याची गोष्ट ठाऊक होती, त्यामुळे ते चार-पाच ठिपके आम्हाला पुरले.

शनिवार, साल्ट

सकाळच्या फेरीत मोठी दुर्बीण दाखवतात. ‘सदर्न आफ्रिकन लार्ज टेलिस्कोप’, म्हणजे साल्ट, १० नोव्हेंबर २००५ रोजी सुरू झाली. दक्षिण गोलार्धातली ही सर्वांत मोठी एकल प्रकाशीय दुर्बीण मानली जाते. तिचा आरसा अखंड नाही. षट्कोनी ९१ आरसे मधाच्या पोळ्यासारखे जुळवून सुमारे ११ मीटर रुंदीचा एक आरसा केला आहे. काचेच्या पलीकडून तो पाहिला तर प्रत्येक तुकड्यात छताचा वेगळा भाग दिसत होता.

तिची खरी करामत मात्र खर्च वाचवण्यात आहे. एवढा आरसा वर-खाली कलता ठेवायचा तर यंत्रणा फार महाग पडते. म्हणून साल्टचा आरसा डोक्यावरच्या बिंदूपासून ३७ अंशांवर कायमचा बसवला आहे. सांगाडा हवेच्या गाद्यांवर उचलून हव्या त्या दिशेला फिरवतात, खाली टेकवतात, आणि मग आरसा न हलवता वरचा ग्राहक भाग ताऱ्यामागे सरकत राहतो. अमेरिकेत टेक्ससमधल्या दुर्बिणीवरून ही कल्पना घेतली. अशा रीतीने आकाशाचा सगळा भाग पाहता येत नाही, आणि एक वस्तू तासन्‌तास धरून ठेवता येत नाही. पण ताऱ्यांचे वर्णपट घेण्याच्या कामाला ही अडचण फारशी आड येत नाही, आणि तेच या दुर्बिणीचे मुख्य काम आहे.

भागीदार संस्थांच्या यादीत पुण्याची ‘आयुका’ आहे. गणेशखिंडीतल्या संस्थेतले खगोलशास्त्रज्ञ या आरशावरचा वेळ मागून घेतात, आणि निरीक्षण झाले की आकडे पुण्याला जातात. कोणाला येथे येऊन थंडीत बसावे लागत नाही. मार्गदर्शक तरुणीला आम्ही पुण्याचे असल्याचे सांगितले, तेव्हा तिने आयुकातल्या मंडळींची चौकशी आपल्या शेजारच्या गावातल्यांची करावी तशी केली.

दुपारी बाराला निघालो. टाउस रिव्हर या छोट्या रेल्वेगावावरून जाताना आठवण ठेवावी अशी एक गोष्ट आहे: ६ डिसेंबर १८८२ च्या शुक्राच्या अधिक्रमणाचे, म्हणजे सूर्यबिंबावरून शुक्र सरकताना त्याचे, वेध घ्यायला ब्रिटिश निरीक्षक येथे उतरले होते, कारण कारूच्या कोरड्या हवेची ख्याती तेव्हाही होती. संध्याकाळी बोगद्यातून बाहेर आलो तेव्हा टेबल माउंटनवर पुन्हा ढग चढू लागला होता, आणि रज्जुमार्ग बंद झाल्याचे रेडिओवर सांगत होते.